दुसऱ्या पिंपाबद्दल

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असेल आणि आई तुझ्या शेडच्या दारात बॅग घेऊन उभी असेल. तिला आधी पाणी दे, बसायला दे आणि मग हे वाच. पण शनिवारी सकाळी वाइनच्या दुसऱ्या पिंपाचा नळ उघडायच्या आत वाच. दुसरं पिंप पहिल्यात मिसळू नकोस. का, ते मी पुढे लिहिणार आहे, पण मला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी आढेवेढे घेणार, हॉटेलातल्या गोष्टी सांगणार, तुझ्या काकाला दोन टोमणे मारणार आणि मग कुठे मुद्द्यावर येणार. म्हणून मुद्दा आधीच लिहून टाकला. कंटाळून पत्र मध्येच ठेवलंस तरी तुझं वर्ष वाया जायचं नाही.

आज सकाळी आईने तुला फोन करून 'मी येईपर्यंत पिंपांना हात लावू नकोस' म्हणून सांगितलं, तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. तू तिकडून काय म्हणालीस ते मला ऐकू आलं. "बाबांनी रविवारी सांगितलंय की, मग आता आणखी काय विचारायचंय?" मग म्हणालीस, शुक्रवारपर्यंत थांबते, पण शनिवारी सकाळी मिसळावंच लागेल. बाटल्या भरायचं यंत्र फक्त सोमवारपुरतं मिळालंय आणि त्याआधी दोन दिवस तरी वाइन टाकीत निवांत पडायला हवी. बरोबर आहे तुझं, मीही तेच सांगितलं असतं. पण 'बाबांनी सांगितलंय की' हे तू इतक्या सहज म्हणालीस, की मी उठून गॅलरीत गेलो आणि काही कारण नसताना कुंडीतली माती उकरत बसलो. फोन ठेवल्यावर आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिचं नुसतं बघणं तुला माहीतच आहे. त्यापेक्षा चार शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का नाही केलात? केला ना. रविवारी संध्याकाळी केला आणि तुझ्या शेडच्या पत्र्यांची चौकशी केली. मंगळवारी केला आणि तुझा खोकला कसा आहे ते विचारलं. खोकला महिन्यापूर्वीच गेला म्हणालीस. तुझा आवाज आला की मी लगेच बाबा होतो, म्हणजे सगळं कळणारा, आणि त्या माणसाच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द काही केल्या निघत नाही. कागदावर निघेल असं वाटतंय. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. आई आत बॅग भरतेय, उद्या सकाळी सहाची बस आहे, आणि मी जेवणाच्या टेबलावर तुझी दोन नंबरची बाटली समोर ठेवून बसलोय. अर्धी उरली आहे.

या टेबलावरचा आपला नियम आठवतो ना? बाटली यायची ती फडक्यात गुंडाळलेली, लेबल कुणाला दिसता कामा नये. आणि मी वास घेऊन, घोट घेऊन तोंड उघडेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. पहिला अर्धा नियम चांगला होता, अजूनही म्हणेन. बत्तीस वर्षं हॉटेलात वाइन वाढली, त्यात लोक आधी लेबल वाचतात, मग मान डोलावतात आणि मग पितात, हे इतक्यांदा पाहिलं की घरात ती थेरं नको होती. पण उरलेला अर्धा? एकाने काही म्हटलं की बाकीच्यांना तोच वास यायला लागतो, म्हणून कुणी बोलायचं नाही, असं मी कारण द्यायचो. मग माझ्या बोलण्याने तसं होत नाही का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं, कारण मला ते ऐकायला आवडायचं. सगळे गप्प, मी ग्लास फिरवतोय, काकूचा चमचा अर्ध्यावर थांबलाय. हॉटेलात मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे वाकून उभा राहायचो. घरी सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे.

आणि तू सगळ्यात जास्त बघायचीस. लहानपणी तुला प्यायला मिळायचं नाही, पण बूच तुझं. मी बाटली उघडली की बूच तुझ्या हातात द्यायचो आणि तू ते नाकाला लावून सांगायचीस, पेन्सिलीचा डबा, जांभूळ, नवीन चप्पल. पांढरी वाइन वाढायच्या वीस मिनिटं आधी फ्रीजमधून काढायची आणि लाल वाइन उलट अर्धा तास फ्रीजमध्ये घालायची, हे तू दहाव्या वर्षी काकूला शिकवलं होतंस. ती बिचारी लाल वाइन चुलीजवळ ऊब द्यायला ठेवायची. ग्लास तिसरा हिस्साच का भरायचा, यावर तर तू काकाशी भांडली होतीस. तो म्हणायचा, तुझा बाप हात आखडता घेतो. तू म्हणायचीस, वरची जागा वासाची आहे. मी जिथे तिथे सांगत सुटायचो, की पोरीचं नाक माझ्यावर गेलंय.

मग मालक जेवायला आले ती दुपार. ही गोष्ट आपल्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची लक्तरं झालीत, तरी इथे लिहितो, कारण मला ती लागणार आहे. तू बावीस वर्षांची होतीस, प्रयोगशाळेतली तुझी पहिली नोकरी लागली होती आणि आता तूही टेबलावर ग्लास घेऊन बसायचीस. हॉटेलचे मालक पहिल्यांदाच आपल्याकडे आले आणि येताना स्वतःची बाटली घेऊन आले, अकरा वर्षं जपून ठेवलेली. मी उघडली, वाढली. आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "बाबा, हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." ओला पुठ्ठा म्हणजे वाइन बिघडलेली, आणि ती मालकांची. मी वास घेतला, घोट घेतला, जरा थांबलो आणि म्हणालो, वाइन जुनी आहे, तिला मोकळं व्हायला वेळ लागतो, आणि नाकालाही मोठं व्हायला वेळ लागतो. मालक हसले. तुझा काका तर असा हसला की त्याला ठसका लागला. तू लाल झालीस, मग तूही हसलीस आणि ग्लास संपवलास. पुढे वर्षभर काका तुला 'पुठ्ठा' म्हणत होता. आता तूच ही गोष्ट लोकांना रंगवून सांगतेस आणि शेवटी म्हणतेस, तेव्हापासून मी माझ्या नाकाला दोनदा विचारते आणि तिसऱ्यांदा बाबांना.

आता रविवार. तू पाठवलेल्या दोन बाटल्या शुक्रवारीच आल्या होत्या, एक आणि दोन असे आकडे घातलेल्या, आणि सोबत चिठ्ठी. ती माझ्या पाकिटात आहे, पण मला पाठ झाली आहे. "बाबा, दुसऱ्या पिंपात मला कधी कधी ओला पुठ्ठा वाटतो. पण मी दिवसभर याच शेडमध्ये असते, नाक मेलं असेल. तुम्ही सांगा. ठीक असेल तर दोन्ही मिसळते. नसेल तर दुसरं सोडून देते, मग या वर्षी निम्मीच वाइन होईल." तू प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून तीन वर्षं त्या शेडमध्ये काढलीस, ही तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची पहिली वाइन, आणि असला दोष एका पिंपातून मिसळला की सगळ्याला लागतो, मग तो निघत नाही. हे मला ठाऊक होतं. आई तेव्हा मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेली होती. फोनवर तिने मला निक्षून सांगितलं होतं, "अहो, मी बुधवारी येतेय, तोवर पोरीच्या बाटल्यांना हात लावू नका." मी हो म्हणालो. पण रविवारी काका-काकू जेवायला यायचे होते, समोरचे दातांचे डॉक्टरही येतो म्हणाले होते, आणि माझ्या मनात आलं, बायको घरात नाही म्हणून माझं अडतं की काय?

कोंबडी भाजली, बटाटे भाजले, पाव गरम केला. पांढरा टेबलक्लॉथ घातला, कारण वाइनचा रंग पांढऱ्यावरच नीट दिसतो. प्रत्येकापुढे दोन ग्लास, डावीकडे एक नंबर, उजवीकडे दोन. ग्लासांना साबणाचा वास राहू नये म्हणून आदल्या दिवशीच गरम पाण्याने धुऊन उपडे घातले होते. सगळं कसं यथासांग. मग मी ग्लास फिरवला, डोळे मिटले, वास घेतला, घोट घेतला. पहिली जरा कच्ची लागली, आंबटपणा पुढे आणि तुरटपणा जिभेला ओढणारा. दुसरी गुळगुळीत, कुठे टोचत नव्हती. मी म्हणालो, "दुसरी." काका म्हणाला, "दुसरीच." काकूने मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "प्रश्नच नाही." तेवढ्यात तुझा फोन आला, मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि तू विचारलंस, "बाबा, पुठ्ठा?" मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल, पण मला लिहायलाच हवं. मी म्हणालो, "भ्रम आहे तुझा. दुसरीच सरस आहे, बिनधास्त मिसळ." मागून काका ओरडला, "पुठ्ठा पास झाली." तू इतकी सुटल्यासारखी हसलीस की तो हसण्याचा आवाज चार दिवस माझ्या कानातून जात नाहीये.

मंडळी चारच्या सुमारास गेली आणि मी टेबल आवरायला घेतलं. हॉटेलात नवीन पोरं यायची त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. पाहुणा काय म्हणतो ते ऐकून घ्या, हसून आभार माना, पण टेबल आवरताना ग्लास बघा. तोंड भिडेखातर काहीही बोलतं, ग्लासात उरलेलं मात्र भिडेखातर उरत नाही. आठ ग्लास होते. डावीकडचे चार कोरडे ठाक. उजवीकडच्या चारांपैकी एक रिकामा होता, तो माझा. उरलेले तीन जसे वाढले होते तसेच, एकेक घोट घेतलेला, बस्स. काकूचं मी समजू शकतो, ती एरवीही बेताचंच घेते. पण भिंगरी, तुझा काका! जो माणूस खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत पाणी घालून ती विसळून पितो, त्याने भरला ग्लास तसाच टाकला होता. मी तो उचलला, नाक आत घातलं आणि जोरात श्वास ओढला. मग दुसरा ग्लास, मग तिसरा.

मला काहीही आलं नाही. पुठ्ठा नाही, जांभूळ नाही, चांगलं नाही, वाईट नाही. पाण्याच्या ग्लासात नाक घातल्यासारखं. आणि हे काही त्या दिवसाचं नव्हे. गेल्या वर्षी मला तो आठ दिवसांचा ताप आला होता ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. अकरा महिने झाले. जिभेला आंबट, गोड, कडू, खारट, तुरट एवढं कळतं, बाकी सगळं नाकाचं, आणि माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतं उरलंय. नाकाचे डॉक्टर म्हणतात, परत येईल कदाचित, कदाचित नाही येणार. रोज सकाळी मी लिंबाची साल, लवंग, कॉफी आणि निलगिरीचं तेल अशा चार डब्या उघडून एकेक हुंगतो, नाकाला सवय लावायला. अजून तरी चारही डब्या सारख्याच आहेत.

घरात हे फक्त आईला माहीत आहे, तेही मी सांगितलं नाही. ताप उतरून पंधरा दिवस झाले होते, मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि शेजारी गॅसवर दूध करपून काळं झालं होतं. ती बाहेरच्या दरवाजातून धावत आली. आधी ओरडली, मग काय झालंय ते तिच्या लक्षात आलं आणि गॅस बंद करून ती माझ्या बाजूला बसली. मी तिला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही, तुला तर मुळीच नाही. हॉटेलात मला 'नाकोबा' म्हणायचे, ज्या नाकावर घर चाललं, पोरगी शिकली, ते गेलं म्हणजे मी कोण? आई म्हणाली, नवरा. मला तेव्हा राग आला होता. पण तिने शपथ पाळली आणि वर एक युक्ती काढली. माझं मनगट दुखतं असं जाहीर केलं आणि बाटल्या आत स्वयंपाकघरात तीच उघडायला लागली. आत वास घ्यायची, घोट घ्यायची. वाइन चांगली असली की फडक्यात गुंडाळून आणायची आणि येता येता माझ्या कानाशी दोन शब्द टाकायची. बिघडलेली असली की आतूनच म्हणायची, "फडकं सापडत नाहीये हो." मग मी मोठ्या ऐटीत सांगायचो, राहू दे, आज दुसरी उघडू. तू मागच्या वेळी आलीस तेव्हाही हेच चाललं होतं. एकदा तिने वैतागून कानात सांगितलं, "जुन्या बुटासारखा वास येतोय," आणि मी टेबलावर म्हणालो, यात चामड्याची एक छटा आहे. दातांच्या डॉक्टरांनी मान डोलावली होती. त्या दिवशी आम्ही दोघं आत जाऊन हसून हसून बेजार झालो. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला बायकोच्या नाकाने जेवायची पाळी आली, आणि मला वाटलं, काय बिघडलं, असंच निभेल.

मंगळवारी मी काकाला फोन केला. खोदून खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू म्हणालास दुसरी, मग मी कोण सांगणारा?" डॉक्टरांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, "अहो, मला वाटलं उंची वाइनला असाच वास येत असेल." कसा, म्हणून विचारलं. पावसात भिजलेल्या खोक्यासारखा, म्हणाले. त्यांना तुझी चिठ्ठी कुणी दाखवली नव्हती, भिंगरी, आणि फोनवर तू म्हणालीस तो पुठ्ठा त्यांना कसला तरी घरगुती विनोद वाटला होता. तीन माणसांना वास आला आणि तिघंही गप्प बसली, कारण या घरात माझ्यानंतर बोलायचं असतं. जिभेला वाइन गुळगुळीत लागली तेवढ्यावर मी निकाल दिला होता.

काल आई आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "बाटल्या?" मी उरलेली दोन नंबरची पुढे ठेवली. तिने ग्लासात ओतली, नाकाशी नेली आणि घोट न घेताच खाली ठेवली. फडकं सापडत नाही असंही म्हणाली नाही. मग म्हणाली, "तुम्ही तिला सांगताय की मी सांगू? मी सांगितलं तर ती तुम्हाला लगेच माफ करेल, पण तुमच्या शब्दावर परत विश्वास ठेवणार नाही." म्हणून आज हे लिहायला बसलोय. चार कागद फाडले, हा पाचवा.

आता कामाचं. शुक्रवारी संध्याकाळी काही करू नकोस, दिवसभर शेडमध्ये असलेल्या नाकाला विश्रांती दे. शनिवारी सकाळी उठलीस की आधी तासभर बाहेर उघड्यावर चाल. चहा नको, टूथपेस्ट नको, हाताला साबण नको. आई दोन्ही पिंपांतून ताजी वाइन काढेल आणि तीन ग्लास भरेल, दोन ग्लासांत एकाच पिंपातली आणि तिसऱ्यात उरलेल्या पिंपातली. कोणता कुठला ते तिने ग्लासाच्या बुडाला लिहून झाकायचं. तू आणि तुझी मैत्रीण वेगवेगळ्या कोपऱ्यात बसा आणि वेगळा ग्लास कोणता, एवढंच कागदावर लिहा. ग्लासांच्या जागा बदलून पाच वेळा करा. हॉटेलात शंका आली की आम्ही हेच करायचो, यात कुणाचा अनुभव कामाला येत नाही आणि कुणाचं वयही नाही. दोघींचे कागद पाचांपैकी चार वेळा जरी बरोबर आले आणि पुठ्ठा दुसऱ्या पिंपाच्याच ग्लासात असला, तर दुसरं पिंप बाजूला काढ. निम्मीच वाइन होईल. रडशील, मला माहीत आहे, आणि त्यात माझ्यामुळे फुकट गेलेले सहा दिवसही असतील. पण सोमवारी यंत्र येईल तेव्हा जे भरशील ते चांगलं असेल. पहिली मला कच्ची लागली म्हणालो ना, तेही मनावर घेऊ नकोस. रविवारी तिचे चारही ग्लास कोरडे झाले होते.

एवढंच सांगायचं असतं तर आई तोंडानेही सांगू शकली असती, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत. हे पत्र मी लिहिलं ते मालकांच्या बाटलीसाठी. त्या दिवशी मला ताप आलेला नव्हता, भिंगरी. माझं नाक शाबूत होतं. बूच निघालं तेव्हाच, तुझ्या आधी, मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला होता. पण बाटली मालकांची होती, मुख्य वाढप्याची जागा त्याच महिन्यात भरायची होती, आणि मला ती हवी होती. तू खरं बोललीस आणि मी तुला टेबलावर सगळ्यांदेखत खोटं पाडलं, ती वाइन तुला संपवायला लावली, आणि मग नऊ वर्षं ती गोष्ट विनोद म्हणून सांगत राहिलो, तूही सांगायला लागलीस तरी थांबवलं नाही. जागा मला मिळाली. तू मात्र तेव्हापासून स्वतःच्या नाकाला दोनदा विचारतेस. नाक तापाने गेलं, पण हे तापाने झालेलं नाही, हे मी केलंय. म्हणून माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी लिहून देतो. पुठ्ठ्याचा वास होता. तेव्हाही होता, आताही आहे, आणि दोन्ही वेळा तो तुला आला. हा कागद शेडमध्ये पिंपांच्या वर खिळ्याला लावून ठेव, आणि यापुढे कुणी बत्तीस वर्षांचा अनुभव सांगत तुला भ्रम आहे म्हणालं, तर त्याला वाचायला दे. बाटल्या भरून झाल्या की एक घेऊन घरी ये. आई उघडेल, मी वाढेन, काकाही येईल, त्याला सगळं सांगून ठेवतो. आणि तू बोलेपर्यंत कुणी बोलणार नाही.

तुझाच, तुझ्यानंतर बोलणारा,
बाबा